बुडालेल्या भूमीचा नकाशानवीस

आर्चिबाल्ड लॉरिमर वारले तेव्हा डंडीच्या वर्तमानपत्रात त्यांच्याबद्दल चार ओळी आल्या. पहिल्या तीन ओळींत त्यांनी गोदीवरच्या नकाशांच्या दुकानात त्रेचाळीस वर्षं नोकरी केल्याचं लिहिलं होतं. चौथीत 'त्यांनी एक पुस्तकही लिहिलं होतं' एवढंच होतं. कशावर, ते छापलं नव्हतं. संपादक चर्चमधले जबाबदार गृहस्थ होते. गेलेल्या माणसाची अब्रू राखावी असं त्यांना वाटलं असावं.

पुस्तक अटलांटिसवर होतं. 'बुडालेल्या भूमीचे किनारे' हे त्याचं नाव. त्याच्या दोन आवृत्त्या निघाल्या, आणि या दोन आवृत्त्यांमधली दोन वर्षं हीच खरी लॉरिमर यांच्या आयुष्याची गोष्ट आहे. आधीच्या साठ वर्षांना ती गाठेपर्यंतचा वेळ म्हणता येईल.

चौदाव्या वर्षी ते पीटर्किनच्या दुकानात लागले. तिथे दोरखंड, कंदील, होकायंत्रं आणि सागरी नकाशे मिळत. लॉरिमर नकाशांच्या नकला करत आणि जुने नकाशे दुरुस्त करत. अमुक बंदरातला दिवा लाल होता तो पांढरा झाला, तमुक खडकाजवळची तरंगती खूण वाहून गेली, अशी पत्रकं येत. लॉरिमर ती वाचून नकाशात उतरवत. देवमाशांच्या शिकारीवर जाणारे कप्तान वसंतात निघण्याआधी आपापले नकाशे त्यांच्याकडे ठेवून जात. त्यांच्या हातून एकही रेघ कधी चुकली नाही असं गोदीवर म्हणत, आणि गोदीवर सहसा कोणी कोणाबद्दल चांगलं बोलत नसे.

स्वतः मात्र ते कधी समुद्रावर गेले नाहीत. टे नदी ओलांडणाऱ्या बोटीवरसुद्धा ते कठडा घट्ट धरून उभे राहत. त्यांची बहीण एफी म्हणायची, "अख्ख्या अटलांटिकचं पाणी मोजतोस, आणि पलीकडच्या काठावर जाईस्तोवर ओकतोस."

एफीनं तीस वर्षं ज्यूटच्या गिरणीत माग चालवला होता. मागांच्या खडखडाटानं तिचे कान गेले होते, आणि आपल्यासारखंच सगळं जग बहिरं आहे अशा आवाजात ती बोलायची. दोघंही अविवाहित. आमच्या गावात बायका गिरणीत जातात आणि बेकार पुरुष घरी चुलीवरची किटली सांभाळतात. लॉरिमर यांना नोकरी होती तरी एफी त्यांना 'आमचा किटलीवाला' म्हणायची. नोकरीतून निवृत्त झाल्यावर तर तिला उघड पुरावाच मिळाला.

१८९० साली दारूबंदीवाल्यांच्या सभागृहात एका फिरत्या व्याख्यातीनं कंदिलाच्या उजेडात चित्रं दाखवून थिऑसॉफीवर भाषण केलं. अटलांटिकच्या तळाशी एक खंड आहे, त्यावर माणसं होती, देवळं होती, असं तिनं सांगितलं. भाषण संपल्यावर लॉरिमर उभे राहिले आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला: "किती वाव खोल?" बाई म्हणाल्या, ते काही ठाऊक नाही. लॉरिमर यांना हे उत्तर प्रामाणिक वाटलं आणि त्यांनी तिथल्या तिथे सभासदत्वाच्या कागदावर सही केली.

यात हसण्यासारखं काही नाही. अटलांटिकच्या मध्यावर पाण्याची खोली कमी होत जाते, उत्तरेकडून दक्षिणेकडे आकड्यांचा एक कणाच उभा राहतो, हे लॉरिमर यांच्याइतकं गावात कोणाला माहीत होतं? वीस वर्षं तो कणा त्यांच्या हाताखालून जात होता. त्यावर कोणी राहत असेल, हे मात्र त्यांना पहिल्यांदाच कोणी सांगितलं होतं.

आमचं थिऑसॉफीचं मंडळ दर गुरुवारी संध्याकाळी सात वाजता नेदरगेट रस्त्यावरच्या एका चहागृहाच्या माडीवर भरायचं. अध्यक्ष मिस्टर फॉदरिंगहॅम. ज्यूटच्या धंद्यात त्यांनी कलकत्त्यात बावीस वर्षं काढली होती. तेव्हा त्यांना संस्कृत येतं, यात कोणाला शंका नव्हती. पुस्तकांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असे. आणि मंडळाचे डोळे म्हणजे मिस विनिफ्रेड ऑक्टरलोनी.

मिस ऑक्टरलोनी पियानोच्या शिकवण्या करायच्या. गुरुवारी त्या खिडकीजवळच्या खुर्चीवर टोपी न काढता बसत, डोळे मिटत आणि दहाएक मिनिटांनी बोलू लागत. त्या ढोंगी नव्हत्या, हे मी इथेच नमूद करतो. ढोंगी बाईनं इतकं कंटाळवाणं काही पाहिलं नसतं: धान्याची कोठारं, पाण्याचे पाट, पायऱ्या. लॉरिमर सगळं उतरवून घ्यायचे. तुकड्या तुकड्यानं बारा गुरुवार झाले की किनाऱ्याचा एखादा पट्टा तयार व्हायचा.

आमचा नियम कडक होता. पाहणारीला प्रश्न विचारायचा नाही. विचारणाऱ्याचा विचार तिच्या दृष्टीत मिसळतो आणि पाणी गढूळ होतं, असं मिस्टर फॉदरिंगहॅम म्हणत. म्हणून सगळे गप्प बसत. पुढच्या गुरुवारी लॉरिमर पेन्सिलीनं काढलेला नकाशा आणत, मिस ऑक्टरलोनी उजव्या हाताचा मोजा काढून त्यावर तळवा ठेवत आणि डोळे मिटून तो पडताळत. त्यांनी मान डोलावली की नकाशा पक्का.

या पद्धतीचा आम्हाला अभिमान होता. प्रश्न विचारायला बंदी होती; नकाशा दाखवायला नव्हती. यातली गोम आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानात आली नाही, आणि आमच्यात दोन डॉक्टर आणि एक वकील होते.

पुस्तक लॉरिमर यांनी त्यांना येत होतं तसंच लिहिलं, म्हणजे खलाशांच्या वाटाड्या पुस्तकासारखं. 'आग्नेयेकडून येणाऱ्या जहाजांनी मंदिराचा घुमट डाव्या हाताला ठेवावा. उपसागरात चौदा वावांवर नांगर धरतो. हिवाळ्यात मात्र पश्चिमेच्या वाऱ्यापासून आसरा नाही.' हे ऐंशी हजार वर्षांपूर्वी बुडालेल्या उपसागराबद्दल. मी हस्तलिखित वाचलं तेव्हा विचारलं, "बंधू लॉरिमर, आता तिथे कोण नांगर टाकणार?"

"ते माझ्या हातात नाही," ते म्हणाले. "पण कोणी टाकलाच तर तो धरला पाहिजे."

नकाशांच्या चौथ्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात मुख्य भूमीपासून बाजूला एक पाच कोनांचं लहान बेट होतं. १९०० सालच्या जानेवारीत मिस ऑक्टरलोनींचा तळवा तिथे आला आणि थांबला.

"इथे कोणीतरी गातंय," त्या म्हणाल्या.

आम्ही सावरून बसलो. नऊ वर्षांत आमच्या अटलांटिसमध्ये कोणी गायलं नव्हतं.

पुढचे चार गुरुवार त्या त्याच बेटावर होत्या. बेटाचं नाव तेलूम. तिथली माणसं तांबडं कापड विणत. प्रत्येक घरासमोर समुद्राच्या काठाशी एक रिकामं दगडी आसन असे, समुद्रावरून न परतलेल्यासाठी. ती माणसं गात ती त्याच्यासाठी. आणि त्यांची समजूत अशी की समुद्र परक्याला नेत नाही. कुठल्याही काळी, कुठल्याही पाण्यात जो बुडतो तो मुळात तेलूमचा असतो आणि आपल्या घरी परत जातो.

त्यातल्या पहिल्या गुरुवारी दाराजवळ ट्रे हातात घेऊन मिसेस ग्रिझेल नॉरी उभ्या होत्या.

हिलटाऊनच्या चढावर त्यांची बेकरी होती. त्यांच्या ब्रायडी, म्हणजे आतमध्ये मांस आणि कांदा भरलेल्या तळहाताएवढ्या करंज्या, गावात नावाजलेल्या. मंडळाच्या चहासाठी मिसेस नॉरी त्या दर महिन्याला घेऊन यायच्या आणि ठेवून जायच्या. त्या दिवशी गेल्या नाहीत. नंतरच्या तिन्ही गुरुवारी त्या ट्रेशिवाय आल्या.

त्यांचा एकुलता एक मुलगा मॅग्नस. एकोणिसाव्या वर्षी 'एस्थर' नावाच्या शिकारी जहाजावर तो डेव्हिसच्या सामुद्रधुनीकडे गेला, तो १८९७ चा वसंत. जहाज परत आलं नाही. फळीचा तुकडासुद्धा किनाऱ्याला लागला नाही. दफनभूमीत मिसेस नॉरींच्या नवऱ्याचा दगड होता आणि त्याच्या नावाखाली मोकळी जागा होती. पाद्री तीनदा येऊन गेले: मुलाचं नाव कोरून घ्या, मनाला शांती मिळेल. तिन्ही वेळा त्यांनी पाद्र्यांना गरम ब्रायडी देऊन वाटेला लावलं. नाव कोरलं म्हणजे तो मेला हे आपण मान्य केलं, असा त्यांचा हिशोब होता. दुकानात त्या कोणाशी मापाबाहेर एक शब्द बोलत नसत. घरात जेवणाच्या टेबलावर तीन वर्षं दोन ताटं.

तेलूमच्या चौथ्या गुरुवारनंतरच्या शनिवारी त्या स्वतः पाथरवटाकडे गेल्या. 'मॅग्नस, वय एकोणीस, समुद्रात.' मुलाचे बूट शेजारच्या घरी दिले. आठवड्याभरात त्या गिऱ्हाइकांशी थट्टा करू लागल्या, आणि हिलटाऊनच्या लोकांना प्रथम भीती वाटली, मग सवय झाली.

लॉरिमर यांचं पुस्तक १९०१ मध्ये निघालं. मंडळानं मिसेस नॉरींना एक प्रत भेट दिली.

दोन वर्षांनी अमेरिकेतल्या मंडळांनी आणखी प्रती मागवल्या, तेव्हा दुसऱ्या आवृत्तीसाठी लॉरिमर यांनी मूळ कागद बाहेर काढले. नकाशाची नक्कल करायची ती अशी: जुन्या नकाशाखाली कोरा कागद ठेवायचा, महत्त्वाच्या ठिकाणी बारीक सुईनं टोचायचं आणि मग खालच्या कागदावरची भोकं रेघांनी जोडायची. खोलीचे आकडे हवेत म्हणून अटलांटिकचा एक जुना नकाशा त्यांनी मुळाशी घेतला होता. एका म्हाताऱ्या कप्तानाच्या केबिनमधला. मिस ऑक्टरलोनींनी सांगितलेल्या जागा त्यावर ठिपक्यांनी मांडून, त्यातूनच खाली टोचून, त्यांनी पानं तयार केली होती.

एप्रिलच्या एका सकाळी त्यांनी तो जुना नकाशा खिडकीच्या काचेवर धरला. तासाभरानं एफी खोलीत आली तेव्हाही ते तसेच उभे होते. हे पुढचं मला एफीनं सांगितलं, आणि रस्त्यावरच्या बऱ्याच लोकांना ते तेव्हाच ऐकू आलं होतं.

"आर्ची, काच पुसायची असेल तर फडकं घे. नुसतं बघून डाग निघत नाहीत."

"एफी, ही पाच भोकं बघ. त्यांच्या कडेला काय आहे?"

"गंज."

"सुईला गंज नसतो."

"तुझ्या सुईला? तिला तू बायबलपेक्षा जास्त जपतोस."

लॉरिमर खाली बसले. कप्तानानं केबिनच्या भिंतीवर नकाशा लावला होता, आणि नकाशाच्या रिकाम्या पाण्यावर, जिथे त्याला काही बघायची गरज नव्हती, तिथे पाच बारीक खिळ्यांनी काहीतरी ठोकलं होतं. कॅलेंडर असेल, बायकोचा फोटो असेल. लॉरिमर यांचे डोळे तेव्हा साठीला आलेले, डिसेंबरचा उजेड साडेतीनला संपणारा. खिळ्यांची भोकं त्यांनी आपलीच समजून खाली टोचली आणि रेघांनी जोडली.

"मग तेलूम नाही," ते म्हणाले.

"कोण नाही?"

त्यांनी सगळं सांगितलं, ओठ दिसतील असं, सावकाश.

"म्हणजे पाच खिळ्यांवर ती बाई चार गुरुवार गात बसली?"

"ती नाही. तिथले लोक गात होते."

"हां, ते लोक." एफीनं खुर्ची ओढली. तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला, म्हणजे साधारण आपल्या बोलण्याइतका. "ग्रिझेल नॉरीला सांगणार आहेस?"

ते नकाशाची गुंडाळी करू लागले.

"नको सांगूस. पुढच्या नकाशात ते तसंच काढ. कोणाचं काय बिघडतं? मी त्या बाईला हसताना बघितलंय, आर्ची. कान गेलेत माझे, डोळे आहेत."

"नसलेला खडक नकाशात राहिला तर जहाज वळसा घालून जातं," लॉरिमर म्हणाले. "नसलेलं बेट राहिलं तर कप्तान पिंपं रिकामी होईस्तोवर त्याच दिशेला जातो, तिथे पाणी मिळेल म्हणून."

"ती काय कप्तान आहे? ब्रायडी विकते ती!"

पण लॉरिमर यांना फरक दिसत नव्हता. नकाशा मागणारा माणूस त्यांच्या दृष्टीनं कप्तानच.

आधी ते मंडळात आले. जुना नकाशा त्यांनी टेबलावर पसरला आणि खिळे कसे, सुई कशी, ते समजावलं. आम्ही आळीपाळीनं भोकांतून पाहिलं. मग मिस्टर फॉदरिंगहॅम म्हणाले, "बंधू, खिळे कोणी ठोकले?"

"कप्तानानं."

"आणि अख्खा समुद्र सोडून नेमके तिथेच ठोकायची प्रेरणा त्याला कोणी दिली?"

आम्ही माना डोलावल्या. मीही डोलावली. त्या क्षणी तो युक्तिवाद फारच भक्कम वाटला होता.

मिस ऑक्टरलोनींचा चेहरा उतरला होता. "मी ऐकलं होतं, मिस्टर लॉरिमर. गाणं. मी खरंच ऐकलं होतं."

"त्याबद्दल मला शंका नाही."

"मग कशाबद्दल आहे?"

लॉरिमर यांनी नकाशाची घडी घातली.  तेलूम कायम ठेवावं, असा ठराव झाला. विरोधात एक मत. पण पुस्तक त्यांचं होतं आणि नकाशा त्यांच्या हातचा. ठराव करून तो हात कोणाला हलवता येणार नव्हता.

सोमवारी दुपारी, गिरणीची जेवणाची सुट्टी संपल्यावर, ते हिलटाऊनच्या बेकरीत गेले. मी बरोबर होतो. तो चढ त्यांना एकट्यानं चढवत नसे.

"या, मिस्टर लॉरिमर!" मिसेस नॉरी म्हणाल्या. "एफीनं पाठवलं का? तिला सांगा, शनिवारच्या ब्रायडीत कांदा कमी नव्हता, तिची जीभच कानांच्या मागोमाग निघाली आहे."

"मिसेस नॉरी, मला तुम्हाला एक दुरुस्ती सांगायची आहे."

त्यांनी ती सांगितली. टोपी हातात धरून, उभ्यानंच. खिळे, गंज, सुई, डिसेंबरचा उजेड. स्वतःच्या चुकीला त्यांनी 'माझी चूक' म्हटलं. मिस ऑक्टरलोनींबद्दल एक शब्द काढला नाही. मिसेस नॉरी ऐकताना पीठ लागलेले हात एप्रनला पुसत होत्या. हात कधीच स्वच्छ झाले होते, तरी पुसत होत्या.

"म्हणजे ते बेट नाही."

"नाही."

"आणि त्या बाईनं पाहिलं ते?"

"ते माझ्या रेघेमुळे पाहिलं. रेघ नसती तर पाहिलं नसतं."

 मग मिसेस नॉरींनी जे विचारलं ते मंडळातल्या दोन डॉक्टरांनी आणि एका वकिलानं विचारायला हवं होतं.

"मग बाकीचं? तेही तिनं तसंच पाहिलंय ना? तुमच्याच रेघांवर हात ठेवून?"

 लॉरिमर एका बेटासाठी आले होते. अख्ख्या खंडाचा विचार त्यांनी केला नव्हता, हे मी त्यांच्या शेजारी उभा राहून पाहिलं. माणसाच्या चेहऱ्यावरून बारा वर्षांची मेहनत निघून जायला फारसा वेळ लागत नाही.

"मी नाव कोरलं," मिसेस नॉरी म्हणाल्या. "तुमच्या त्या कागदावर विश्वास ठेवून मी माझ्या हातानं पोराला मारलं. तो परतला असता तर त्याला ताट नव्हतं घरात. बूटसुद्धा नव्हते." मग त्या काउंटरच्या बाहेर आल्या आणि दार उघडून धरलं. "जा तुम्ही. मला दुकान बंद करायचंय."

दुपारचे दोन वाजले होते आणि रांगेत चार बायका उभ्या होत्या. त्यांनाही बाहेर जावं लागलं.

त्यानंतर हिलटाऊनवर लॉरिमर यांना कोणी नमस्कार करेना. एफीला ब्रायडी मिळेनात; ती दोन गल्ल्या पलीकडून आणायची आणि भावासमोर ठेवताना म्हणायची, "खा. सत्याची चव अशीच असते, कोरडी."

उन्हाळाभर लॉरिमर घराबाहेर पडले नाहीत. बारा वर्षांच्या नोंदवह्या आणि पेन्सिलीचे कच्चे नकाशे त्यांनी शेजारी शेजारी मांडले. जिथे जिथे त्यांनी अंदाजानं खाडी काढली होती, तिथे पुढच्या गुरुवारी मिस ऑक्टरलोनींना जहाजं दिसली होती. जिथे कंपासाचं टोक घसरून डोंगराची रेघ वाकली होती, तिथे त्यांना दरड कोसळलेली दिसली होती. मी अधूनमधून जायचो. एकदा त्यांनी मला एक नोंद दाखवली: 'येथे नदी काळी दिसते.'

"तिथे शाई सांडली होती," ते म्हणाले.

दुसरी आवृत्ती सप्टेंबरात निघाली. तेलूम त्यांनी खोडलं होतं. बाकीचा किनारा तसाच होता, पण आधी जी अखंड रेघ होती ती आता तुटक ठिपक्यांची झाली होती, कारण न मोजलेला किनारा तसाच काढायचा असतो. आणि प्रत्येक भूशिराजवळ ते दोन बारीक शब्द होते, जे नकाशावाले, कोणी तरी पाहिल्याचं सांगतो पण दुसऱ्या कोणाला सापडत नाही, अशा जागेशेजारी लिहितात: अस्तित्व शंकास्पद. प्रस्तावनेत एकच परिच्छेद जास्त होता. 'ही भूमी नाही असे मी म्हणत नाही. ती मी पाहिलेली नाही, एवढेच म्हणतो. पहिल्या आवृत्तीत हे म्हणायचे राहून गेले.'

अमेरिकेनं प्रती परत पाठवल्या. आमच्या मंडळानं लॉरिमर यांचं नाव पटावरून कमी केलं. मिस्टर फॉदरिंगहॅम यांच्या मते दोष त्यांचा नव्हता, त्यांच्या मागच्या जन्माचा होता. मिस ऑक्टरलोनींनी गुरुवार बंद केले आणि त्या बहिणीकडे शेजारच्या पर्थ गावी राहायला गेल्या. कपाटाची किल्ली मी परत केली. कोणी ती मागितली नव्हती.

ऑक्टोबरात एका दुपारी मी लॉरिमर यांच्याकडे बसलो होतो तेव्हा दार वाजलं. एफीला ते ऐकू आलं नाही, म्हणून मीच उघडलं. मिसेस नॉरी. हातात बेकरीच्या कागदात गुंडाळलेलं काहीतरी.

"ब्रायडी आणल्यास?" एफी आतून ओरडली.

"नाही. पुस्तक आणलंय."

"मग कशाला आलीस?"

"तुझ्याकडे नाही आले, एफी."

त्यांनी कागद उलगडला. पहिली आवृत्ती, मंडळानं दिलेली. चौथं पान उघडून त्यांनी ती लॉरिमर यांच्यासमोर ठेवली. "कप्तान लोक नकाशे आणून देतात आणि तुम्ही दुरुस्त करून देता, असं ऐकलंय. हे काढून टाका."

लॉरिमर उठले, पातळ पात्याची सुरी आणली आणि उजेडाकडे तोंड करून बसले. शाई खरवडायला वेळ लागतो. घाई केली तर कागद फाटतो. तेलूमचा एकेक कोन गेला. मग सुरीच्या हाडाच्या मुठीनं त्यांनी ती जागा घासून गुळगुळीत केली. मिसेस नॉरी उभ्या राहून पाहत होत्या. मी त्यांना खुर्ची दिली, ती त्यांनी घेतली नाही.

"आता तिथे काय आहे?"

"पाणी. सोळाशे वाव." त्यांनी तो आकडा तिथे लिहिला.

"मॅग्नस काही तिथे नव्हताच."

"नाही."

"तो कुठे आहे?"

हा प्रश्न सहा वर्षांत त्यांना कोणी विचारला नव्हता. लॉरिमर आतल्या खोलीत गेले आणि डेव्हिसच्या सामुद्रधुनीचा नकाशा घेऊन आले. तो टेबलावर पसरून त्यांनी कोपऱ्यांवर एफीच्या बशा ठेवल्या.

"'एस्थर' शेवटची इथे दिसली. नऊ जूनला, सकाळी. दुसऱ्या जहाजाच्या कप्तानानं दुकानात येऊन मला जागा सांगितली होती." पेन्सिलीची बारीक फुली होती तिथे. "बुडाली कुठे ते मला ठाऊक नाही, मिसेस नॉरी. ते कोणालाच ठाऊक नाही."

"जवळपास?"

"त्या दिवशी वारा नव्हता. जवळपास."

"किती खोल?"

"एकशे बारा वाव."

"वाव म्हणजे?"

लॉरिमर यांनी दोन्ही हात बाजूला पसरले. "एवढं."

मिसेस नॉरींनी आपले हात तसेच पसरून पाहिले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग खाली घेतले. "आणि आकड्याखाली ही बारीक अक्षरं कसली?"

"तळ कसा आहे ते. शिशाच्या वजनाला खालून चरबी लावून दोरीनं सोडतात. तळाला जे असेल ते चिकटून वर येतं."

"इथे काय आलं होतं?"

त्यांनी भिंग घेतलं, जरी त्यांना ते पाठ असणार. "चिखल. हिरवट."

"खडक नाही?"

"नाही. मऊ चिखल."

"हे कोणी पाहिलं?"

"मोजणीच्या जहाजावरच्या एका खलाशानं. बोटानं चाचपून."

"डोळे उघडे ठेवून?"

"हो," लॉरिमर म्हणाले. "डोळे उघडे ठेवून."

एफी दारात येऊन उभी होती. तिला किती ऐकू आलं असेल ते सांगता येत नाही. पण ती गप्प होती, आणि हे मी त्या घरात पहिल्यांदा पाहत होतो.

मिसेस नॉरींनी पुस्तकाचा बेकरीचा कागद टेबलावर सरळ केला, त्याच्या सुरकुत्या हातानं दाबल्या आणि लॉरिमर यांच्याकडे सरकवला.

"यावर लिहून द्या," त्या म्हणाल्या. "जागा, खोली, सगळं. चिखल मऊ आहे, तेही लिहा."